झिनियाची आठ फुलं

वेलिकाच्या अंगणात झिनियाचे सात वाफे होते. डेलियाएवढी मोठी लाल, वाकड्या पाकळ्यांची केशरी, बटणाएवढी गुलाबी, पोपटी, पांढरी, जांभळी आणि एक पट्ट्यापट्ट्यांची. मे महिन्यात संत जॉर्जचा सण झाला की बी थेट मातीत टोचायचं, रोप वीतभर वाढलं की शेंडा खुडायचा, पाणी बुडाशीच घालायचं. पानांवर पाणी उडवलं म्हणून तिने एकदा सख्ख्या जावेशी महिनाभर अबोला धरला होता. बाई तशी भली, पण फुलांच्या बाबतीत तिला शिकवायला कुणी जाऊ नये.

कुणाला भेटायला निघाली की ती प्रत्येक जातीचं एकेक फूल कापायची. आमच्याकडे, बल्गेरियात, जिवंत माणसाला फुलं विषमच द्यायची. सम फुलं जातात ती थडग्यावर. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वेलिकाच्या जाती सात, त्यामुळे तिला कधी मोजावंच लागलं नाही.

ऑगस्टात तिच्या नवऱ्याला, मिंचोला, हृदयाच्या ऑपरेशनसाठी शहरात दाखल केलं. ऑपरेशनच्या सकाळी ती पहिल्या बसने गेली आणि फुलं त्याच्या उशाशी बरणीत ठेवली.

"अख्खी बाग उचलून आणलीस," मिंचो म्हणाला. "घरी मेंढ्यांना तरी काही ठेवलंस का?"

नर्सने तिला दहा मिनिटांत बाहेर काढलं. "अकराला आत नेतील. तुम्ही चारनंतर या." मेंढ्या खरोखरच उपाशी होत्या, म्हणून वेलिका परतीच्या बसमध्ये बसली.

बस चालवणारा गेन्को तिच्याच गावचा. अर्ध्या वाटेवर तो म्हणाला, "मावशी, सकाळी तुझ्या फुलांत ते पिवळं, लाल टोकांचं होतं, ते नवीन का? कधी पाहिलं नव्हतं."

"आपलं आपणच उगवलं रे. दोन जातींची सरमिसळ झाली असणार. मी उपटणार होते, पण मिंचो ऐकेना, म्हणून कुंपणाशी राहू दिलं."

एवढं बोलून ती बोटांवर मोजू लागली. लाल, केशरी, गुलाबी... आठ. पुन्हा मोजली. आठच. सवयीने हात चालवला आणि मरणाची फुलं नवऱ्याच्या उशाशी ठेवून आली होती ती.

"गेन्को, थांबव."

"इथं? सूर्यफुलांच्या रानात?"

"थांबव म्हणते ना. मी त्याला आठ दिलीत रे."

गेन्कोने करकचून ब्रेक लावला. बसमधलं कुणी हसलं नाही. मागची एक म्हातारी छातीवर क्रूस काढत म्हणाली, "उतरवतोस काय तिला? बस फिरव." एकाने दाताच्या डॉक्टरची वेळ चुकेल म्हणून कुरकुर केली. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खिडकीबाहेर बघत बसला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. गेन्कोने बस फिरवली.

इस्पितळाचे तीन जिने वेलिका धापा टाकत चढली. घड्याळात अकराला आठ मिनिटं कमी. बिछान्यावर मिंचो हिरव्या अंगरख्यात पडला होता. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही, आधी बरणी गाठली. सात फुलं होती. तिने परत मोजली, सातच.

आता तिने नवऱ्याकडे पाहिलं. एकेचाळीस वर्षं हा माणूस असल्या गोष्टींना बायकांची खुळं म्हणत आला होता. त्याची एक मूठ पांघरुणात घट्ट आवळलेली होती. तिने ती उघडली. आत पिवळं फूल चोळामोळा होऊन पडलं होतं.

"कधी मोजलीस?"

"तू गेल्यावर लगेच." तो छताकडे बघत होता. "वेले, मला फार भीती वाटते गं."

सकाळी आपण निमूटपणे निघून गेलो, ह्याला एकटं टाकून, हे आठवून तिचं काळीज तुटलं.

"मलाही," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी बिछान्यावरच बसली.

नर्स आत आली. "बाई, तुम्हाला चारनंतर सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी," वेलिका म्हणाली. तिने मिंचोचा हात दोन्ही हातांत धरला आणि ती जागची हलली नाही.