न टेकवलेला त्रिशूळ

चौरागडाच्या महादेवाकडे मी दर्शनाला गेलो नव्हतो, भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कोणी मला पुण्यवान समजेल.

माझी सगळी नोकरी बालाघाटला जंगल खात्याच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली. परसवाडा, बिरसा इकडचे डोंगर मी पाहिले ते फायलींत. देवधर्माशी माझा संबंध प्रसाद खाण्यापुरता. बायको मात्र वरुडकडची. तिच्या माहेरची माणसं महाशिवरात्रीच्या सुमारास नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन सातपुड्यात पचमढीला जातात आणि चौरागडाच्या हजारावर पायऱ्या चढून ते महादेवाला वाहतात. नागपूरला माझ्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून तिनं असाच एक त्रिशूळ कबूल केला. मी वाचलो. महिन्याभरात तिनं भरवेलीच्या एका लोहाराकडून तो घडवूनही घेतला, माझ्या खांद्याएवढा उंच. मग चार वर्षं तो आमच्या ओसरीत कोपऱ्यात उभा राहिला.

तो तिथे राहिला तो माझ्यामुळे. आधी म्हणालो, रिटायर होऊ दे. मग म्हणालो, थंडी फार आहे. मग गुडघ्यांचं निमित्त काढलं. "पहाड कुठं पळून राह्यला काय? पुढच्या साली जाऊ," हे माझं ठरलेलं वाक्य होतं, आणि ती दर वेळी "हौ" म्हणायची. पावसाळ्यात मी त्या त्रिशुळाला ओली छत्री अडकवायचो. ती मुकाट्यानं छत्री काढून खिळ्याला लावायची. एकदाच म्हणाली, "अवो, तो तुमच्या जिवासाठी बोललेला हाय. त्याले तरी छत्री नका अडकवू." मी हसण्यावारी नेलं. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या भाद्रपदात एका दुपारी ती स्वयंपाकघरात बसल्या जागी गेली. दवाखान्यात नेण्याचीही सवड मिळाली नाही. भेटायला येणारे म्हणत, देवाची इच्छा. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटे. न मानणाऱ्याला ठेवून घ्यायचं आणि मानणारीला उचलून न्यायचं, ही कसली इच्छा? नवस बोलणारीच राहिली नाही, आणि ज्याच्यासाठी बोलला तो घरात बसून गोळ्या खातो आहे.

दिवाळीत कपाट आवरताना तिच्या साड्यांखाली कॅलेंडरचं एक जुनं पान सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूला तिच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पचमढीले गेल्यावर'. धूपगडावरून सूर्य बुडताना पाहायचा. धबधब्याच्या पाण्यात पाय सोडून बसायचं. जटाशंकरच्या गुहेत जायचं. यांना घोड्यावर बसवून फोटो काढायचा. त्रिशूळ दोघांनी मिळून न्यायचा. आणि सगळ्यात खाली, 'वर काही मागायचं नाही. मागितलं ते घरी आहे.' या शेवटच्या ओळीनं माझं डोकंच फिरलं. घरी काय होतं? रिकाम्या खोल्या आणि मी. त्याच दिवशी ठरवलं की शिवरात्रीच्या आधी जायचं, ते लोखंड त्याच्या दारात टाकायचं आणि तोंडावर विचारायचं, असं का केलंस? मुलगी फोनवर रडली, पायऱ्या चढू नका म्हणाली. मी तिचंही ऐकलं नाही.

पचमढीत उतरल्यावर एका जिप्सीवाल्यानं गाठलं. "अंकल, सारे पॉइंट करा दूँगा, एक भी नहीं छूटेगा." म्हटलं चल. तिची यादी मी एखाद्या सरकारी कामासारखी उरकली. धबधब्याशी पाय पाण्यात सोडले, ते गारठले म्हणून काढून घेतले. जटाशंकरच्या गुहेत डोकं वाकवून गेलो नि तसाच बाहेर आलो. घोड्यावर बसलो, जिप्सीवाल्यानं फोटो काढला आणि म्हणाला, "थोडा हँसो अंकल." धूपगडावर दोनशे माणसं मोबाइल उंच धरून उभी होती. सूर्य बुडाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. बुडण्याला टाळ्या कशासाठी, ते मला कळलं नाही. डोंगर मात्र एकामागे एक निळे होत गेलेले दिसले, आणि हे तिला दाखवायला फक्त एक बसचं तिकीट लागलं असतं, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौरागड चढायला लागलो. तिच्या माहेरची रीत अशी की पायथ्याशी त्रिशूळ एकदा खांद्यावर घेतला की वर पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. थकलं तर सोबतचा माणूस धरतो, म्हणून ते लोक जथ्यानं जातात. मी एकटा, त्यात भांडायला निघालेला, तरी रीत मोडवेना. ती मोडली असती तर तिचाच नवस मोडला असता. अर्ध्या वाटेवर छातीत कळ आली. घाम सुटला. बसावं तर त्रिशूळ टेकतो, उभं राहावं तर मी पडतो. "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव" म्हणत माणसं शेजारून चढत होती, ज्याच्या त्याच्या खांद्यावर आपापलं ओझं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, घे, मलाही ने, म्हणजे तुझं काम पूर्ण होईल.

तेवढ्यात दर्शन करून उतरणाऱ्या बायांमधली एक थांबली. पन्नाशीची, रापलेली, हात रिकामे. "काहून उभे राह्यले भाऊ?" म्हणाली. टेकवता येत नाही, एवढंच मी कसंबसं सांगितलं. तिनं त्रिशूळ काढून घेतला, स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाली, "बसा आता." मी बसलो, खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. ती पुरा वेळ उभी होती.

श्वास जागेवर आल्यावर मी तिला माझं सगळं सांगितलं, रागासकट. ऐकून म्हणाली, "मायं पोरगं गेलं भाऊ. त्याच्यासाठीच त्रिशूळ बोलली होती. आज वाहून आली."

मी जवळजवळ ओरडलोच, "पोरगं वाचलं नाही, मंग काहून वाहला?"

"बोलली त मीच होती ना," ती म्हणाली. "देव कुठं बोलला होता का वाचवतो म्हणून? माया शब्द होता, तो म्या पुरा केला. राग त मले अजून हाय. वर त्यालेही सांगून आली."

मग तिनं सोबतच्या बायांना खाली थांबायला सांगितलं आणि त्रिशुळाचं मागचं टोक धरून माझ्याबरोबर पुन्हा चढू लागली. 'दोघांनी मिळून न्यायचा' ही ओळ मला तेव्हा आठवली आणि डोळ्यांपुढच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. शेवटच्या पायऱ्यांवर तिनं टोक सोडलं. "आता तुम्ही एकटे न्या. घरच्या बाईचं नाव घ्या." मी मागे वळून पाहीपर्यंत ती दोन वळणं उतरून गेली होती. तिचं नावही विचारायचं राहिलं.

वर त्रिशुळांचे ढीगच्या ढीग होते. गंजलेले, नवे, हातभर, पुरुषभर. इतक्या लोकांनी इतकं मागितलं होतं, आणि त्यातलं किती मिळालं हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी तिचं नाव घेतलं. अडतीस वर्षांच्या संसारात ते मी मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. त्रिशूळ ठेवला, मागे सरलो, तर तो कुठला ते ओळखू येईना. विचारायचं ठरवलेलं सगळं ओठांशी आलं, आणि तेव्हा यादीतली शेवटची ओळ मला कळली. तिनं आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि ते मी होतो. मी काही विचारलं नाही. हात जोडले आणि उतरलो.

मन निवळलं असं म्हणणार नाही. राग आहे, त्याच्यावर थोडा, माझ्यावर पुष्कळ. पण त्या बाईला त्यानं पाठवलं की ती आपली आली, याचा वाद मी घालत नाही. ती आली, एवढ्यासाठी मी दोघांचाही ऋणी आहे. आपलं ओझं काही वेळ दुसऱ्याच्या खांद्यावर देता यावं लागतं, हे मी या वयात शिकलो.

बालाघाटला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. ओसरीच्या कोपऱ्यात त्रिशुळाच्या गंजाचा डाग तेवढा उरला होता. मागितलं ते घरी आहे, असं तिनं लिहिलं होतं. मी कुलूप उघडलं आणि घरात गेलो.