म्हणे, इंजिनला दमच नव्हता!

मंडळी, डोकं अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

दुपारी पंचवटीत एका लग्नाला गेले होते. पंगतीत शेजारी कोण, तर माझे वडील ज्यांचा ट्रक चालवायचे ते मालक. नव्या व्याह्यांना सांगत होते, "पूर्वी आपल्या ट्रकला मोठं पेट्रोल इंजिन होतं. दमच नव्हता त्याला. चांदवडच्या घाटात बसलं."

माझा घास तोंडातच राहिला. सत्तरच्या दशकात वडील त्याच ट्रकने कांदा मालेगावला न्यायचे. त्या इंजिनाने वर्षानुवर्षं कधी कुरकुर केली नाही. मग पेट्रोल महागलं आणि हे मालक, म्हणजे आमचे काका, टाकीत स्वस्त घासलेट मिसळायला लागले. चढावर इंजिन ठकठक वाजायला लागलं. वडील बजावायचे, "शेठ, व्हॉल्व्ह जळतील."

जळलेच. "ड्रायव्हरने इंजिन मारलं" म्हणत काकांनी वडिलांना काढून टाकलं आणि ट्रकला डिझेल इंजिन बसवलं.

काढलेलं इंजिन एका मिस्त्रीने नीट करून आपल्या ब्रेकडाउनच्या गाडीला लावलं. चोख पेट्रोलवर ते पुढे कितीतरी वर्षं घाटात अडकलेले भरलेले ट्रक ओढून आणत होतं. एकदा तर काकांचाच डिझेल ट्रक आणला!

हे सगळं मी भर पंगतीत ऐकवलं. काका हसले. म्हणाले, "अगं, तेव्हा सगळेच मिसळायचे."

सगळेच मिसळायचे ना? मग घरी एकटे माझे वडीलच का बसले? सांगा मला.