पत्र्याखालची दुपार

कबनूरमध्ये बनाबाई कांबळ्यांनी १९९४ साली भाड्यानं द्यायला चार खोल्या बांधल्या आणि गल्लीभर पेढे वाटले. त्या इचलकरंजीच्या एका मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. त्यांचे यजमान धोंडीराम तिथंच माग दुरुस्त करायचे. लग्न झाल्या झाल्या आडनाव ऐकून दोन घरमालकांनी त्यांना खोली नाकारली होती. म्हणून बनाबाई भाडेकरूला आडनाव विचारत नसत. कुठला कारखाना, कुठली पाळी, एवढं विचारायच्या आणि स्वतः जाऊन मुकादमाकडे चौकशी करून यायच्या.

खोल्या लगेच भरल्या. पण मागच्या दोन खोल्यांत कुणी टिकेना. माणूस महिना-दोन महिने राही आणि ट्रंक उचलून चालू लागे. गल्लीत कुजबुज सुरू झाली, त्या खोल्या बाधिक हायत म्हणून.

"भाडं कमी कर की," धोंडीराम म्हणाले.

बनाबाईंना ते पटेना. अथणीकडनं आलेला गुंडू खोली सोडायला निघाला, तेव्हा त्यांनी त्याला दारातच गाठलं. "खरं सांग गुंडू, काय कमी पडलं?"

"तुमचं कायबी चुकलं न्हाय, आक्का. माझी रातपाळी. दिवसा डोळाच लागत न्हाय. काल मागावर डुलकी आली, बोटं थोडक्यात वाचली बघा."

"चार दिस थांब," बनाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामावर खाडा केला. शेजारची खोली रिकामीच होती. तिथं चटई टाकली, दार लावलं आणि भर मे महिन्यात दुपारच्या झोपल्या. झोपल्या कसल्या! वर पत्रा तडतडत होता. एकुलती खिडकी पलीकडच्या कारखान्याकडे उघडत होती, मागांचा खडखडाट थेट उशाशी. तासाभरात लुगडं घामानं चिंब झालं. आणि बनाबाई धावतच बाहेर आल्या, हसत, ओरडत, "घावलं! अवो, घावलं!"

धोंडीरामांना वाटलं, बायकोला ऊन लागलं.

"आणखी दोन खोल्या बांधायला पैसं ठेवल्यात न्हवं? ते सगळं ह्या छपराला लावूया," बनाबाई म्हणाल्या.

"याड लागलं काय? दोन खोल्यांचं भाडं बुडवतीस!"

"आनि त्या दोन खोल्यांतबी मान्सं अशीच भाजायची व्हय? आत जाऊन पडा जरा. मग बोला."

धोंडीराम तणतणत आत गेले. थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर आले आणि चपला घालू लागले.

"कुठं निघाला?"

"कौलं बघायला!"

पत्रा निघाला, कौलं चढली. कारखान्याकडची खिडकी बुजवून दुसरीकडं, कडुलिंबाच्या सावलीच्या बाजूला नवी काढली. पहिल्याच दिवशी गुंडू असा झोपला, असा झोपला, की पाळीची वेळ झाली तरी उठेना. बनाबाईंनी दार बडवून त्याला कामावर पिटाळलं आणि गल्ली खो खो हसली. गुंडूनं ही गोष्ट कारखानाभर केली. मग काय, रातपाळीची माणसं बनाबाईंच्या दाराशी येऊन विचारू लागली, "आक्का, मागची खोली कधी मोकळी व्हणार?"

पुढं जयसिंगपूरहून बाळासो नावाचे एक व्यापारी सल्ला मागायला आले. त्यांना भाड्यासाठी चाळ बांधायची होती. बनाबाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "बाळासो, खोली बांधली की आधी आपुन एक दुपार, एक रात तिथं काढायची. नळ गळला तर त्याच दिशी प्लंबर बोलवायचा. आनि भाडेकरू निघाला तर भांडू नका, का निघाला ते इचारा. जाता जाता आपल्याला फुकटात शानं करतोय त्यो."

२००३ साली बनाबाईंनी कौलं उतरवून वर मजला चढवायचं काढलं. स्लॅबच्या दिवशी मिक्सर घरघरायला लागला आणि ऐनवेळी चार गडी आलेच नाहीत. बनाबाई डोक्याला हात लावणार, तेवढ्यात रातपाळी सुटलेली माणसं गल्लीत शिरली. अंगावर कापसाची भुरी तशीच. आता दुसरीकडं खोली घेऊन राहणारा गुंडूही त्यांच्यात होता, वाटेत घरून बायकोलाही घेऊन आलेला. कुणी काही सांगायच्या आधीच रांग लागली. घमेली हातोहात वर चढू लागली.

"झोपायचं सोडून हे काय रं?" बनाबाई खालून ओरडल्या.

"स्लॅब झाल्यावर झोपू की, आक्का!" गुंडू वरून ओरडला, आणि पुढच्या घमेल्यासाठी त्यानं दोन्ही हात पुढं केले.