इनडायरेक्टची पाळी

लहानपणी उसाच्या गाडीमागे पळताना एक ऊस ओढायला जावं आणि अर्धी मोळीच अंगावर यावी, तसं शाळेतल्या किश्शांचं होतं. आमच्या वर्गातली माणसं आता भेटतात ती बहुतेक कुणाच्या तरी दहाव्याला. गेल्या महिन्यात प्रवरेच्या घाटावर भेटली, ती माझ्या अक्काच्या. कावळा शिवेपर्यंत वेळ होता. रंभाजीनं एक आठवण काढली आणि मग थांबेचना.

बेलापूरपासून तासाभराच्या वाटेवर आमची शाळा. साल बहात्तरच्या आसपासचं, मॅट्रिकचा वर्ग. इंग्रजीला टोकेकर सर. डायरेक्ट स्पीचचं इनडायरेक्ट करणं कुणालाच जमेना, म्हणून त्यांनी एक नियम काढला. रोज एकाची पाळी. त्यानं फळ्याजवळ उभं राहायचं, त्याला म्हणायचं रिपोर्टर. तासाला जो कुणी जे काही मराठीत बोलेल, ते रिपोर्टरनं लगेच इंग्रजीत, इनडायरेक्टमध्ये सांगायचं. चुकलं तर निरगुडीचा फोक. आणि तो बोलणाऱ्याला नाही, रिपोर्टरला!

आठवड्याभरात वर्ग मुका झाला. सर विचारायचे, "कुणाला काही शंका?" फळ्याजवळचा रिपोर्टर सरांच्या पाठीमागून आम्हाला हात जोडायचा. चाळीस जणांपैकी एकालाही शंका नसायची.

हेडमास्तर एकदा दारात येऊन म्हणाले, "वा टोकेकर! काय शिस्त लावलीत!"

सरांनी रिपोर्टरकडे पाहिलं. पोरगं थरथरायला लागलं. हेडमास्तरांना वाटलं, आदरानं!

*

रंभाजीचं गुऱ्हाळ होतं. अंगानं दांडगा, पण इंग्रजी म्हटलं की पुढच्याच्या पाठीआड लपायचा. पाळीच्या दिवशी तो सकाळीच सगळ्यांना बजावायचा, "आज मी हाय. ज्यानं त्वांड उघडलं त्याला सुटल्यावर वढ्यात गाठीन."

अशाच एका दिवशी फरशीच्या फटीतून विंचू निघाला आणि सरळ सरांच्या पायाकडे चालू लागला. पहिल्या बाकावरच्या सोपानला तो दिसला. त्यानं रंभाजीकडे पाहिलं. रंभाजीनंही विंचू पाहिला आणि सोपानवर डोळे वटारले. सोपाननं पाय बाकावर घेतले.

सर म्हणाले, "काय रे सोपान? काही सांगायचंय?"

"काही नाही सर."

पुढच्या क्षणी सर ओरडले. धावपळ झाली, खुर्ची आणली, कुणी चुना शोधायला पळालं. सर पाय धरून म्हणाले, "अरे, एकानंही सांगू नये?"

रंभाजी रडकुंडीला आला. "सर, विंचवाला इंग्रजीत काय म्हनत्यात त्ये मला येत नव्हतं!"

चौघांनी उचलून बाहेर नेताना सर कण्हत म्हणाले, "स्कॉर्पिअन! दहा वेळा लिहा!"

*

या मुक्या वर्गात एकटीच बोलायची, ती आमची अक्का. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आईच्या आजारपणात तिची शाळा सुटली होती, ती पुन्हा येऊन माझ्याच वर्गात बसली. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एका अटीवर पाठवलं होतं. "येक इषय जरी गेला तरी पुन्हा शाळंचं नाव काढायचं न्हाई. राहुरीकडचं स्थळ हाय, तिकडं उजवून टाकीन."

म्हणून ती विचारायची. रोज, न चुकता. आणि जिची शंका तिला काही नाही, फोक रिपोर्टरला!

पोरं मला घेरायची. "तुझ्या बहिनीला गप बसव!" सोपाननं त्याच्या पाळीला मला चार पेरू दिले, तिला एक दिवस गप्प ठेवायचे. मी दोन खाल्ले, दोन तिला दिले. तिनं ते खाल्ले आणि तासाला दोन शंका विचारल्या.

*

मग माझी पाळी आली. अक्का उभी राहिली आणि एवढं लांबलचक विचारलं, की मला सुरुवातच आठवेना. दोन फोक बसले.

घरी येताना तिनं माझं दप्तर काढून घेतलं. मग म्हणाली, "लई लागलं का रे?"

"न्हाई."

"तुझ्या पाळीला इचारायला बरं पडतं. बाकीची पोरं वाट अडवत्यात." थोडं चालून म्हणाली, "पुन्हा कवा हाय तुझी?"

*

घरीही तिचं तेच. आई म्हणायची, "भाकरी घे, गार झाली." अक्का चुलीकडे बघत पुटपुटायची, "मदर टोल्ड मी..." आईचा जीव उडाला. पोरीला बाहेरचं काही लागलं म्हणून तिनं मीठमोहऱ्या आणल्या आणि दृष्ट काढायला घेतली. "आल्यागेल्याची, पापी चांडाळाची..." अक्काचे ओठ हलतच होते. एवढं मोठं वाक्य तिला कधी मिळालं नव्हतं!

*

परीक्षेला महिना राहिला असेल. त्या दिवशी रिपोर्टर अक्काच होती. तास निम्मा झाला आणि दारात तात्या दिसले. चपला बाहेर काढून आत आले.

"मास्तर, पोरीचा दाखला पायजे. राहुरीचं पाव्हनं घाई करत्यात. ती काय परीक्षेला बसायची न्हाई."

अक्का फळ्याजवळ उभी होती. तिच्या हातातला खडू मोडला.

सर म्हणाले, "दाखल्याला अर्ज लागतो."

"मला कुठं लिवता येतंय? सही तेवढी येती."

सरांनी टेबलावरचा कागद तिच्यापुढे सरकवला. "माझ्या तासाला वडील काय म्हणाले ते रिपोर्टर लिहील. इंग्रजीत."

अक्कानं लिहिलं. टाक दोनदा दौतीत बुडवला.

"वाच."

तिनं वाचलं. "माय फादर सेज दॅट आय शॅल सिट फॉर द एक्झामिनेशन."

परीक्षेला बसेन! वर्गातल्या प्रत्येकाला ते कळलं. रंभाजीनं डोळे मिटून घेतले. सरांनी फोक उचलला, हातात तोलला आणि परत ठेवला.

"करेक्ट," ते म्हणाले.

तात्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. "मी म्हनलो त्येच लिवलंय नव्हं, मास्तर?"

"लिहिणारी तुमचीच मुलगी आहे. तिला विचारा."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. "व्हय, तात्या," ती म्हणाली.

तात्यांची नजर वर्गावरून फिरली. एकेक मान खाली गेली. शेवटी ती माझ्यावर येऊन थांबली.

"काय रं? बरोबर हाय का?"

मी उभा राहिलो. तात्यांपुढे आजवर मी खोटं बोललो नव्हतो. बाक घट्ट धरला.

"हाय, तात्या."

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा अक्काकडे पाहिलं. मग टाक घेतला, वाकले, एकेक अक्षर काढत सही केली. फेटा सारखा करून दाराशी गेले, चपला घातल्या आणि मागे वळून म्हणाले,

"मास्तर, परीक्षा कुठं असती? बेलापूरला का श्रीरामपूरला?"