खाकी कव्हरांखालचा वाघ

आमच्या महाविद्यालयाच्या वाचन मंडळात सर्वांत कमी बोलणारी सदस्य मी आहे, याविषयी मंडळात दुमत नाही. तरीही आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेला बालवाचनालय द्यायचे ठरले, तेव्हा जाण्याचा मान मलाच मिळाला. कारण साधे होते. आदिलाबादला आत्या फक्त माझी राहते. मागच्या वर्षी दुसऱ्या एका शाळेला पाठवलेली पुस्तके कपाटातच बंद राहिली होती, म्हणून यंदा अट होती: पुस्तके मुलांच्या हाती पडल्याशिवाय परतायचे नाही.

दोनशे पुस्तके जमली. मी आठवडाभर खपून प्रत्येकाला खाकी कव्हर घातले आणि वर पांढरी चिठ्ठी चिकटवून वळणदार अक्षरात नाव व क्रमांक लिहिला. पहिलीपासून माझ्या एकाही पुस्तकाचा कोपरा दुमडलेला नाही. पुस्तकाचा आदर करण्याची दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती.

नांदेडहून आदिलाबादला रेल्वेने जाता येते. तिकीट स्वस्त असते. सामान असेल तर लवकर पोहोचून जागा धरावी. किनवटच्या आसपास सागाची झाडे दिसू लागतात, तेव्हा मोबाइल खाली ठेवून खिडकीबाहेर पाहावे. समोरच्या बाकावर मेथीच्या जुड्या घेतलेल्या एक बाई बसल्या होत्या. माझी चार खोकी त्यांनी पायाने हलवून पाहिली.

"काय हाय वो याच्यात? दगडं?"

"पुस्तके."

"सगळी वाचली तुमी?"

"हो," मी खरे ते सांगितले.

"मंग बरं करून राह्यल्या. डोक्यातलं वझं खोक्यात टाकलं!"

डबाभर हशा झाला. मी खिडकीकडे तोंड फिरवले, पण हसू मलाही आवरेना.

आदिलाबादला लागूनच असलेल्या मावल्याला आत्याचे बांगड्यांचे दुकान आहे. ती एका गिऱ्हाइकाशी तेलुगूत, दुसऱ्याशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत, असे एकाच दमात बोलते. रात्री ज्वारीची गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी. हिवाळ्यात येणाऱ्यांनी स्वेटर नक्की आणावा. तेलंगण म्हणजे उकाडा, ही समजूत इथल्या पहाटेपुढे टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवसभरासाठी रिक्षा ठरवली. भाडे आधीच बोलून घ्यावे. ते काम आत्याने केले, म्हणून नीट झाले. जैनथचे जुने दगडी मंदिर पाहून आम्ही पैनगंगेच्या बाजूला वळलो. दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. पुढे रस्ता अरुंद होतो, आणि कापसाची गाडी समोरून आली की थांबावेच लागते.

शाळा दोन खोल्यांची. मुलांनी स्वागतगीत म्हटले. मुख्याध्यापक सरांनी खोकी उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा रे पोरांनो, याला म्हणतात टापटीप! ताई, हे असंच कपाटात ठेवू. कुलूप लावू. वरून कोणी मुआयना करायला आलं, तर एक पान कमी भरणार नाही."

पाचवीतली शीतल पुढे आली आणि तिने एक पुस्तक उलटसुलट करून पाहिले.

"ताई, हे गणित हाय का परिसर?"

"गोष्टी आहेत गं."

"गोष्टी हायेत, तर दिसून काऊन नाही राह्यल्या?"

दोनशे मुखपृष्ठे मी स्वतःच्या हातांनी झाकली होती! माझ्या पिशवीत दोन पानी भाषण होते. ते काढून मी पुन्हा आत ठेवले, आणि सर कुलूप शोधू लागले होते.

दारातून आत्याचा आवाज आला, "बोल ना माय! पुस्तकापेक्षा तूच जास्ती कव्हरात हायेस."

मी क्रमांक सतराचे पुस्तक उचलले आणि कव्हर टर्रकन फाडले. आतून छत्री घेतलेला पिवळाधमक वाघ बाहेर आला.

"ओ बाप्पा, वाघ!"

"आमच्या वावराकडं येते थो," मागून कोणी म्हणाले. "पण छत्री नसते त्याच्यापाशी."

"ताई, आमी फाडू?" शीतलने विचारले.

"फाडा!" आयुष्यात इतक्या मोठ्याने मी काही बोलले नव्हते.

पुढची दहा मिनिटे वर्गात नुसता टरटराट होता. हत्ती निघाले, जहाजे निघाली, एक दात पडलेली राजकन्या निघाली आणि तिच्यासाठी दोघींची ओढाताण झाली. सर खुर्चीत बसून पाहत राहिले.

"ताई, जिम्मा माझ्यावर हाय. फाटली, हरवली, तर लिहून काय दाखवू?"

तेवढ्यात शीतलने जमिनीवरची कव्हरे गोळा करून चळत केली. प्रत्येकावर माझी चिठ्ठी शाबूत होती. "सर, नाव हाय, नंबर हाय. खाली कोणी नेलं ते लिवू." आत्याने दाभण मागवले, पोती शिवायची सुतळी आली, आणि खाकी कव्हरांचे जाडजूड रजिस्टर तयार झाले. सरांनी चष्मा लावून ते चाळले.

"हे मुआयन्याला चालते," ते म्हणाले. क्रमांक सतराखाली पहिली नोंद झाली: 'छत्रीवाला वाघ शीतलने नेला.'

"आणि फाटलं तर?" सरांनी पुन्हा विचारले.

"मला कळवा. मी चिकटवायला येईन."

"मंग तुमाला दर महिन्याले यावं लागते!"

शाळा सुटली. प्रत्येकाच्या हातात एक उघडे पुस्तक होते. आमची रिक्षा कापसाच्या एका गाडीमागे अडकली. गाडीवर, ढिगाच्या टोकावर बसून एक मुलगी मोठ्याने वाचत होती आणि गाडी हाकणारे तिचे वडील हुंकार देत होते. आत्याने रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू दिला नाही.

नांदेडला घरी आल्यावर मी माझ्या फळीसमोर उभी राहिले. सगळी पुस्तके खाकी, सरळ रांगेत. चौथीत बक्षीस मिळालेले पुस्तक काढले. मिळाले त्याच संध्याकाळी मी त्याला कव्हर घातले होते. आता ते उतरवले. वर नावेत बसलेल्या दोन चिमण्या होत्या. गोष्ट मला तोंडपाठ होती, पण चिमण्यांच्या डोक्यावर लाल टोप्या आहेत, हे मी पार विसरले होते.

काल पुस्तक आणि कव्हर दोन्ही शाळेच्या पत्त्यावर टपालात टाकले. पुस्तक उघडेच ठेवले. कव्हर घडी करून वेगळे दिले, त्यावर क्रमांक दोनशे एक घातला आणि खाली नावासाठी जागा सोडली.