मोककाकांच्या तिजोरीतली साल

मोककाका माझ्या डोक्यावर राहतात. म्हणजे खाली माझं सुक्या कोळंबीचं दुकान आणि बरोबर त्याच्या वर त्यांचं बिऱ्हाड. त्यांच्या दाराला तीन कुलपं आहेत आणि चौथं कुलूप स्वतः मोककाका. कधी वाटीभर कोळंबी द्यायला वर गेलं, की आधी दाराच्या भोकातून एक डोळा दिसतो, मग साखळी खळखळते, मग एकेक कुलूप निघतं आणि सगळ्यात शेवटी माणूस दिसतो. तोवर कोळंबी द्यायची माझी हौस फिटलेली असते.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा. शेउंग वान भागातल्या एका गहाणवटीच्या पेढीत कोठार सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. लोकांची घड्याळं, बांगड्या, थंडीचे कोट हातावर तोलून आत ठेवायचे आणि ज्याच्या त्याला परत करायचे. दिवसभर दुसऱ्याच्या वस्तूंवर डोळा ठेवून ठेवून त्यांना घरी आल्यावरही चोहीकडे चोरच दिसायचे. छत्री जिन्यात वाळत घातली तरी तिला सायकलची साखळी. मी एकदा म्हटलं, "काका, छत्री फाटकी आहे हो." तर म्हणाले, "ते चोराला कुठे ठाऊक आहे?"

खरं सांगायचं तर त्या घरात चोरण्यासारखी वस्तू एकच होती. साल. संत्र्याची वाळवलेली साल, पेजेत नि औषधात घालतात ती. मोककाकांना मुलगी झाली त्या वर्षी त्यांच्या बहिणीनं सनवुई गावच्या आपल्या बागेतून करंड्या भरून हिरवी संत्री धाडली होती. आतलं फळ आम्ही गल्लीतल्यांनी खाल्लं, आंबट होतं. साल मात्र गच्चीवर वाळली आणि कापडी पिशवीत भरून मोककाकूंच्या स्वयंपाकघरातल्या आकड्याला लटकली. सनवुईकडच्या लोकांत ही रीतच आहे. मुलगी वाढते तशी साल मुरते, आणि लग्नात मुलगी ती घेऊन सासरी जाते. सासू पिशवीत नाक घालते आणि सून कसल्या घरातून आली ते तिला कळतं. एवढी जुनी साल आता सोन्याच्या पंगतीला जाऊन बसली आहे, त्यामुळे सासवांची नाकं हल्ली फारच तीक्ष्ण झाली आहेत.

दर थंडीत कोरडं ऊन पडलं की पिशवी गच्चीवर जायची. काकू बांबूच्या सुपांत साल पसरायच्या आणि काका शेजारी स्टूल टाकून, हातात काठी घेऊन बसायचे. राखण कबुतरांपासून आणि माझ्यापासून. संध्याकाळी साल परत पिशवीत गेली की काका ती हातावर तोलायचे आणि कपाळाला आठी घालायचे. पिशवी दर वर्षी थोडी हलकी लागायची.

"कोणीतरी घेतंय," ते म्हणायचे.

जुनी साल वाळते, वाळली की हलकी होते, हे सगळ्यांनी सांगून झालं. पण ज्या हातानं जन्मभर दुसऱ्यांचे दागिने तोलले त्या हाताला कोण शिकवणार? मग संशय फिरू लागला. आधी गॅसवाला झाला, मग गच्चीवर कपडे वाळत घालणारी पलीकडची बाई झाली आणि एका वर्षी पाळी माझ्यावर आली. महिनाभर हा गृहस्थ माझ्या पेजेच्या पातेल्यात डोकावत होता. असा राग आला होता मला! पण डोकावून काय कळणार होतं? सिगारेटी ओढून ओढून त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

त्यांची मुलगी सूत-यिन दातांच्या दवाखान्यात कामाला. तिशी उलटली तसं काकांना वाटायला लागलं, की साल अजून मुरेल पण मुलगी घरीच राहील. आणि तेवढ्यात लग्न ठरलं. मुलगा चांगला, मऊ बोलणारा. पण त्याची आई, तोंगबाई, ती खुद्द सनवुईची. म्हणजे हलकी साल बाजारातून आणून तिच्या नाकाला फसवायची सोय नाही. त्याच सुमारास आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुक्या मालाचं दुकान चोरांनी फोडलं. झालं. काकांनी ठरवलं, साल तिजोरीत जाणार.

तिजोरी घ्यायला काका-काकूंबरोबर मीही गेले. आमंत्रण नव्हतं, पण जे काही येणार ते माझ्याच डोक्यावर ठेवलं जाणार होतं. दुकानदारीण पूनबाई समजूतदार होती. तिनं दोन तिजोऱ्या दाखवल्या, एक घरगुती आणि एक पेढीची. पेढीची म्हणजे जाड पोलाद, दाराची जाडी हाताच्या पंज्याएवढी. चोरानं रात्रभर घाव घातले तरी तोच दमेल. काकांनी तिच्यावरून असा हात फिरवला की काकूंवरून कधी फिरवला नसेल. घरगुती लहान, हलकी. चोरापेक्षा आगीसाठी केलेली. तिच्या भिंती पोकळ आणि आत मसाला भरलेला. त्या मसाल्यात पाणी धरून ठेवलेलं असतं, आग लागली की त्याची वाफ होते आणि आतले कागद वाचतात, असं पूनबाई म्हणाली. मग तिनं विचारलं की आत ठेवायचंय काय.

"किमती वस्तू," काका म्हणाले.

"हो काका, पण कागद की दागिने की आणखी काही? त्यावर ठरतं."

"किमती वस्तू म्हटलं ना."

"मी चोर नाही हो, तिजोऱ्या विकते."

"तेच तर. तिजोरी कुठे आहे ते सगळ्यात आधी तुलाच ठाऊक असणार."

पूनबाईनं हात टेकले. आता दोन शब्द काकांच्या तोंडातून निघाले असते, "संत्र्याची साल", तर त्या बाईनं त्यांना तिथूनच घरी पाठवलं असतं. पण ज्या एका माणसाला सांगून भलं झालं असतं, नेमकं त्याच्यापासूनच काकांनी गुपित राखलं.

पुढे वाद असा रंगला की मोककाकांचं घर हे घर की पेढी. काकांना पेढीचीच हवी होती. आयुष्यभर असल्या दाराशी उभा राहिलोय, म्हणाले, आता स्वतःच्या वस्तूला डबडं घेऊ? मी म्हटलं, "घ्या खुशाल. फक्त ती खाली आली की माझ्या कोळंबीच्या पोत्यांवर येईल, आणि मी पोत्यांशेजारी बसते." आमची इमारत जुनी, लाकडी तुळयांवर उभी. घरमालकाला विचारलं तर तो फोनवरच किंचाळला. शेवटी काकांनी तोंड वाकडं करून घरगुती पसंत केली आणि ती उचलून नेता येऊ नये म्हणून जमिनीला बोल्टानं ठोकून घ्यायचं ठरवलं. निघता निघता पूनबाई म्हणाली, "पेढीची चोरापासून वाचवते, घरगुती आगीपासून. घरातल्या चोरासाठी मात्र आमच्याकडे काही नाही हं." सगळे हसलो. मोककाकू तेवढ्या छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

तिजोरी आली. बोल्टाचं टोक माझ्या छतातून खाली आलं, मी त्यावर आता पिशव्या लटकवते. पण अजून एक विधी बाकी होता. पेढीत नव्या तिजोरीला दिशा आणि मुहूर्त लागायचा, म्हणून काकांनी तिथलाच वास्तू बघणारा गुरुजी गाठला. त्यानं दाराचं तोंड जिन्याकडून फिरवायला लावलं, पंचांग बघून दिवस काढून दिला आणि वर सांगितलं की एकदा भरली की लग्नाच्या देण्याघेण्याच्या दिवसापर्यंत उघडायची नाही, आतलं भाग्य गळून जातं. गहाणवटीच्या पेढीत हे ठीकच असेल, बापडी घड्याळं काही श्वास घेत नाहीत. काकांनी नव्या वर्षानंतरच्या त्या मुहूर्तावर पिशवी आत ठेवली, दार लावलं, अंक फिरवले आणि किल्ली गळ्यात घातली.

मग आमचा ओला वसंत आला. या दिवसांत भिंतींना घाम फुटतो, आरसे आंधळे होतात, जिना पाणी सांडल्यासारखा ओला असतो. मी दुकानात पंखे लावून कोळंबीशी झटत होते. काकू रोज खाली यायच्या आणि रोज तेच सांगायच्या. साल आजवर आकड्याला मोकळी लटकली, तिला वारा लागतो, त्या पेटीत ती घुसमटेल. एक दिवस त्यांनी काकांसमोरच म्हटलं, "अहो, एकदाच उघडा. पेटीला बाहेरून पाणी सुटलंय."

"तिजोरीला घाम येत नसतो," काका म्हणाले. "ती काय पळून आलीय?"

काकूंनी किल्ली मागितली. काकांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

मुलाकडचे देणंघेणं घेऊन आले तो दिवस उन्हाचा होता. नारळ, पेढ्यांसारख्या गोड वड्या, दारू, खायचे सुके शंख, सगळं लाल कागदात. मला वर बोलावलं होतं, शंख माझ्याच दुकानातले होते. तोंगबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. घरातलं बाकी सगळं त्यांनी नुसतं डोळ्यांखालून घातलं. साल कुठे आहे तेवढंच त्या शोधत होत्या. काकांना हाच क्षण हवा होता. ते उठले, गळ्यातली किल्ली काढली, सगळ्यांना अंक दिसू नयेत म्हणून पाठ केली आणि दार उघडलं.

वास आधी बाहेर आला. ओल्या गोणपाटाचा, बंद मोरीचा. पिशवीच्या कापडावर काळे ठिपके होते. काकांनी ती उचलली, सवयीनं हातावर तोलली, आणि मला अजून आठवतं, एक क्षण त्यांचा चेहरा खुलला, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा पिशवी जड लागली होती. मग त्यांनी नाडी सोडली. आत सालीचा एकच गोळा झाला होता, हिरव्या-पांढऱ्या लवेनं भरलेला.

सूत-यिननं बापाच्या दंडाला हात लावला, तो त्यांना कळलाही नाही. मला फार वाईट वाटलं. या माणसानं माझ्या पातेल्यात डोकावलं होतं हे त्या वेळी मी विसरून गेले.

मोककाकू स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या डब्यामागे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, आणि त्या कॉफीची जुनी बरणी घेऊन बाहेर आल्या. निम्मी भरलेली. आत साल होती, काळपट तपकिरी, कोरडी, कुरकुरीत. त्यांनी झाकण काढलं आणि खोलीतला तो कुबट वास मागे सरला.

"आई, हे तर माझं खोकल्याचं," सूत-यिन म्हणाली.

काका बरणीकडे बघत राहिले. मग काकूंकडे. "तू घेत होतीस?"

"मग काय, पोरीला खोकत ठेवायची होती?"

"दर वर्षी?"

"दर थंडीत एक मूठ. तिला, तुम्हाला. तुमच्या पेजेत काय वाटलं, आलं होतं?"

जन्मभर ज्या चोराला दारात, गच्चीत, जिन्यात शोधलं, तो त्यांना रोज जेवायला वाढत होता. आणि त्या चोरानं जेवढी चोरून बाजूला ठेवली तेवढीच आज घरात उरली होती.

तोंगबाईंनी हात पुढे केला. बरणी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग म्हणाल्या, "साल खरी आहे. त्या वर्षाची आहे. पण एवढीच?"

सगळे मोककाकांकडे बघायला लागले. त्यांनी तिजोरीचं दार पायानं लोटून दिलं आणि सदरा सारखा केला.

"बाकीची पोरीच्या अंगात आहे," ते म्हणाले. "लहानपणापासून मुरवलीय. तीही घेऊन जा."

काकूंनी बाहीला डोळे पुसले. काकांनी बरणी परत हातात घेतली, तोलली नाही, झाकण लावलं, आणि मुलीच्या हातात देताना ते थोडं सैल केलं.