नानांनी सोडलेली जागा

सोपाननानांची आणि माझी पहिली गाठ पडली ती दुष्काळी कामावर, बेंबळीजवळ खडी फोडताना. नाना माकणीचे, स्वतः गाणी रचणारे आणि स्वतःच गाणारे. मी बेंबळीचा, आवाज बरा म्हणून उगाच ऐटीत असणारा. हातोड्याच्या ठेक्यावर त्यांनी एक ओळ म्हटली आणि मी न विचारता ती मागून उचलून धरली. चिडतील असं वाटलं. त्यांनी घाम पुसत एवढंच विचारलं, "उद्या बी येतूस का?" पुढची बारा वर्षं मी त्यांच्या गाण्याच्या पार्टीत अशीच झील धरली.

कार्यक्रम संपताना नाना स्वतःचं नाव घेत नसत. आम्हा चौघा झीलकऱ्यांची नावं मात्र गावासकट घेत. सोनारीच्या जत्रेत माझं नाव कर्ण्यावरून ऐकून माझी आई रडली होती. म्हणूनच, आम्हाला न विचारता त्यांनी एकट्याची कॅसेट काढली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कॅसेटवर फक्त नाना आणि त्यांची खंजिरी. ओळ संपली की खंजिरीही गप्प, मग थोड्या वेळानं पुढची ओळ. शहरातल्या एका साप्ताहिकाच्या समीक्षकांनी लिहिलं की आवाज भारदस्त आहे, पण गाणी अर्धवट वाटतात. आमच्या गावची तऱ्हा वेगळीच. नानांचे जुने चाहते कॅसेट घेऊन दुकानात परत येऊ लागले.

"मधी मधी कोरी हाय ओ, बदलून द्या."

दुकानदारानं टेपचं हेड स्पिरिटनं पुसून पाहिलं, कॅसेट पेन्सिलीनं फिरवून पाहिली. मी तिथंच उभा होतो. ती आमची झील कापून टाकलेली जागा आहे, असं माझ्या मनानं घेतलं होतं. मी म्हणालो, "मालच खराब हाय. परत करा."

नानांनी गाण्यांची वही पेटीत घातली आणि ते दूध सोसायटीत फॅट तपासायला बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, "लोकांस्नी नगं तर कशाला घसा फोडायचा?" पार्टी मोडली.

पुढच्या दुष्काळात मी पाझर तलावाच्या कामावर होतो. मुकादमानं खडी फोडणाऱ्या बायकांजवळ टेप लावला. नानांची ओळ आली आणि थांबली. हातोडे चालूच होते. एका म्हातारीनं ती ओळ उचलली, दुसरीनं साथ दिली, मग सगळ्याच म्हणू लागल्या. त्यांचं म्हणून होतंय तोवर टेपमधले नाना पुढच्या ओळीला हजर, जराही मागंपुढं नाही. मी पाटी टाकली आणि सोसायटीतून नानांना सायकलवर बसवून घेऊन आलो.

खडीच्या ढिगावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. डोळे पुसत म्हणाले, "तुमी चौघं झील धरायचा आन गाव नुसतं ऐकायचं. म्हणलं, सगळ्यांस्नीच जागा सोडून बघावं."

"मग नाना, तुमी आमास्नी सांगायचं की!"

"सांगून धरली तर ती झील कसली? पयल्या दिशी तू इचारून धरली व्हतीस का?"

वही पेटीतून बाहेर आली, पार्टी पुन्हा उभी राहिली. परत केलेल्या कॅसेटी लोकांनी दुकानातून मागून नेल्या. समीक्षकांनी पुढं मत बदललं की नाही ते ठाऊक नाही. आमच्याकडं साप्ताहिक फार उशिरा येतं.

दुकानात "माल खराब" म्हणणारा मीच, हे नानांना मी आजवर सांगितलेलं नाही. त्यांच्या या गौरवग्रंथात सांगतोय, कारण इथं ते मला मधेच थांबवू शकत नाहीत. नाना, माझं चुकलं, फार चुकलं.

आज तुमची पंचाहत्तरी. दम पुरत नाही म्हणून हल्ली तुम्ही गाणं टाळता, असं कानावर येतं. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरीचा कार्यक्रमही आज जमलेल्या याच मंडळींसमोर होवो. आणि दमाचं काय घेऊन बसलात? तुम्ही अर्धीच ओळ म्हणा. उरलेली आम्ही न विचारता धरू.